उठत्या बाजारातला खेळाडू

१९ जुलै, शनिवार

आजही फोन नाही! समर्थ सकाळी मैदानावर पळून आला, अंघोळ केली, फोन छातीवर ठेवून पडला. फोन वाजला की मी ओट्यावरून उठून आत जातो. कर्ज घ्या म्हणणारी कुणीतरी बाई असते. तिलाही तो नीट बोलतो, "नको मॅडम." मला तेवढंही जमत नाही.

आज काष्टीचा बाजार. घरासमोरून बैलांचे टेम्पो गेले. मी गेलो नाही. सारा जन्म त्या बाजारात दलाली केली, आता तोंड दाखवायची चोरी. मागच्या शनिवारी चहाच्या टपरीवर आसारामनं सगळ्यांसमोर विचारलं, "गैनूनाना, नातू एजंट झालाय म्हणं. कशाचा, विम्याचा?" सगळे हसले. चूक माझीच. समर्थ आता फ्री एजंट आहे असं त्याची बहीण अश्विनी फोनवर म्हणाली आणि मला वाटलं, काहीतरी बढती आहे. गावभर सांगून झालं, पेढे वाटायचेच तेवढे राहिले होते! मग तिनं फोड करून सांगितलं — फुटबॉल क्लबशी करार संपला, त्यांनी पुढं ठेवला नाही, आता कोणताही क्लब त्याला फुकट घेऊ शकतो. आधीच्या मालकाला काही द्यावं लागत नाही.

म्हणजे दावणीवरून सोडलेला. सरळ तसंच सांगायचं ना.

२१ जुलै, सोमवार

बनुबाईला, आमच्या कारभारणीला, म्हणालो, पोराचं वय अठ्ठावीस, या धंद्यात ते उतरतं वय आहे, आता कोण घेणार. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बैल हाय का त्यो, दात बगून वय काढायला?"

बैल असता तर मला काळजी नव्हती. बैलाचं मला कळतं.

समर्थ डाव्या बाजूनं खेळतो, बचावाला. तेरा वर्षांचा असताना पुण्याला निवडला गेला. मग गोवा, कलकत्ता, शेवटी पंजाब. टीव्हीवर दोनदा पाहिला मी त्याला. बारीक दिसत होता, पण पाठीवर आमचं आडनाव होतं. तेव्हा आसारामच्या टपरीवर टीव्हीसमोर हीच माणसं गर्दी करून उभी होती.

२४ जुलै, गुरुवार

हनुमंतचा राहुरीहून फोन. माझा मुलगा, समर्थचा बाप. विद्यापीठाच्या शेतावर मुकादम आहे. म्हणाला, इकडे रोजंदारीवर माणसं घेतायत, पोराला पाठवा, पायात गोळे आणून कुणाचं पोट भरलंय. पोरगा काष्टीत राहतो तो याच्यासाठीच. राहुरीला बाप बोलतो, इथं मी बोलत नाही. पण बोलत नाही म्हणून काळजी करत नाही असं थोडंच आहे! उलट सगळी पोटात साठते. रक्तदाब वाढलाय.

फोन ठेवताना हनुमंत म्हणाला, "तुमीच लाडावून ठिवलाय."

२६ जुलै, शनिवार

फोन नाही.

३० जुलै, बुधवार

आज समर्थला विचारलं, हे क्लब माणूस घेतात तरी कसे? तो जरा मोकळा झाला. म्हणाला, "आबा, मोठे क्लब आधी घेत्यात. करार चालू असलेला खेळाडू पैसे मोजून उचलत्यात. मग रिकाम्यातले बरे. त्यांचं भरलं की बारक्या क्लबांचं सुरू होतं. ते थांबून राहत्यात. जेवढा उशीर तेवढा माणूस कमीत तयार होतो."

मी म्हणालो, म्हणजे उठता बाजार!

तो हसला. पण मला हसू आलं नाही. उठत्या बाजारातच मी पोट भरलं. दिवस कलला, टेम्पोवाला घाई करायला लागला की ज्याचा बैल विकला गेला नाही त्याचं तोंड बघायचं. घरी परत नेणं म्हणजे लाज, आणि वाटखर्च वेगळाच. तिथं जाऊन मी उभा राहायचो. काही बोलायचोही नाही. तोच आधी बोलायचा.

आता समर्थ कासरा धरून उभा आहे आणि समोर कुणीतरी माझ्यासारखा आहे. बोलत नाही!

४ ऑगस्ट, सोमवार

आज पळायला गेला नाही. ताप नाही, काही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बनुबाईनं हाक मारली तरी हूं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज गेला. बरं वाटलं.

९ ऑगस्ट, शनिवार, राखीपौर्णिमा

अश्विनी सावेडीहून राखी बांधायला आली. दारातूनच ओरडत आली — गोव्याच्या क्लबचा निरोप आलाय! समर्थनं आम्हाला सांगितलंच नव्हतं. दोन दिवस झाले म्हणे. "झालं तर सांगणार होतो," म्हणाला.

अश्विनीनं सगळं नीट सांगितलं. क्लब लहान आहे. करार संपलेलेच खेळाडू घेतो, दुसरे नाहीतच. आणि त्यांची रीत अशी की खेळाडूला बोलावत नाहीत. त्यांचा माणूस खेळाडूच्या गावी येतो. तो तिथं कसा राहतो, कुणी बघत नसताना कसा सराव करतो, ते पाहतो. मग एकदाच काय ते सांगतो. घासाघीस नाही. येत्या शनिवारी येणार.

बनुबाई म्हणाली, "म्हंजी पोरगी बगायला येत्यात तसंच की." आणि लगेच भिंतीच्या कोपऱ्यातली जळमटं काढायला लागली.

बाजाराच्या दिवशी येणार! मला हे चांगलं वाटलं नाही. घरी येऊन बघणारा फार हुशार असतो. घरात शिरला की माणसाची गरज दिसते. पत्रा दिसतो, बनुबाईचं लुगडं दिसतं. बैल नेहमी बाजारात दाखवावा, गोठ्यात नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

सारखा तोच विचार. समर्थला म्हणालो, गोव्याच्या साहेबांना सांग, अजून एक-दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. तो म्हणाला, "न्हाई ना आबा चालू. खोटं कशाला?"

खोटं काय त्यात! ज्याला एकच गिऱ्हाईक, त्याला गिऱ्हाईकच नाही. हे मी त्याला कसं शिकवू. पुण्यात शिकला, पण हे कुणी शिकवलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

फक्रुद्दीनकडे गेलो. बाजारात आम्ही जोडीनं काम केलं. गिऱ्हाईक बैलासमोर घुटमळत बसलं की फक्रुद्दीन दुसऱ्या बाजूनं यायचा, माझ्याकडं न बघता बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, दिला का रं? सकाळचा शब्द आजून कायम हाय. एवढंच. घुटमळणारा लगेच हात पुढं करायचा. कितीदा केलं असेल! कुणाचं नुकसान झालं नाही. बैल चांगलाच असायचा.

त्याला म्हणालो, एकदा शेवटचं कर. आधी नाही म्हणाला. "गैनू, ती मानसं शिकल्याली असत्यात. मला फुटबॉलचं काय कळतंय?" मी म्हणालो, तुला बैलाचं तरी काय कळत होतं. त्याची बायको मुबारकबी आतून हसली. मग तयार झाला. मुंबईच्या क्लबचा माणूस व्हायचं ठरलं.

समर्थला सांगायचं नाही. बनुबाईलाही नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

झालं ते सगळं लिहितो.

साहेब दहाच्या सुमारास आले. बाजारामुळे गाडी लांब लावावी लागली, चिखलातून चालत आले. पन्नाशीचे, साधे, डोक्यावर टोपी. मराठी बोलतात, जरा हेल काढून. समर्थ मैदानावर गेलेला. त्यांनी तसंच सांगितलं होतं म्हणे — तू तुझ्या वेळेला जा, मी येतो. आधी आमच्याशी बोलायचं होतं.

खुर्ची दिली, त्यांनी ती बाजूला सारली आणि ओट्यावर माझ्याजवळ बसले. बनुबाईनं चहा दिला. त्यांनी पोराच्या खेळाचं काही विचारलं नाही. सकाळी कधी उठतो? कुणी उठवावं लागतं का? पंजाबहून आल्यावर चिडका झालाय का? बनुबाई भडाभडा सगळं सांगत सुटली — भिंतीकडे तोंड करून पडला होता तेसुद्धा! मी तिच्याकडे बघत होतो, पण ती कसली थांबतेय.

मग मी विचारलं, साहेब, तुम्ही रिकामीच माणसं का घेता? ते म्हणाले, "बाबा, आमच्याकडे दुसऱ्या क्लबला द्यायला पैसे नाहीत. आणि क्लब नसतानाही जो रोज मैदानावर जातो, तो आमच्याकडे आल्यावर फसवत नाही. फक्त एक आहे, दुसऱ्याशी कुणाचं बोलणं चालू असेल तर आम्ही मध्ये येत नाही. त्याच दिवशी बाजूला होतो."

मी मनात म्हणालो, असंच म्हणतात! माझ्या आयुष्यात एकाही घेणाऱ्यानं वेगळं सांगितलं नाही. मला दुसरा बैल बघायचाय, मी चाललो, असं म्हणत पाच पावलं जातो आणि परत येतो. मीही जायचो, मीही परत यायचो.

तेवढ्यात फक्रुद्दीन आला. पांढरा इस्त्रीचा सदरा, पुतण्याचा काळा चष्मा, हातात फाईल. फाईल कुठून आणली देव जाणे. साहेबांकडं न बघता मला म्हणाला, "नमस्कार. मुंबईवरनं आलोय. समर्थचं ठरलं का? आमच्या मालकांचा शब्द आजून कायम हाय."

तेच वाक्य! बैलाचं!

बनुबाईच्या हातातली कपबशी वाजली. साहेबांनी सरकून त्याला बसायला जागा दिली. विचारलं, "कुठला क्लब?"

"मोठा हाय."

"मुंबईत कुठे?"

"मुंबईतच."

साहेबांनी मान हलवली. त्यांची नजर खाली गेली. फक्रुद्दीन बाजारातून सरळ आला होता, चपलांना शेण लागलेलं. साहेबांनी उलट खिशातून स्वतःचं कार्ड काढून त्याला दिलं, म्हणाले, आपण एकाच धंद्यातले, कधी लागलं तर फोन करा. मग चहा संपवला आणि मैदानावर गेले.

मी लांबून शाळेच्या भिंतीआडून पाहिलं. समर्थ पळाला, वळला, पुन्हा पळाला. साहेबांनी चेंडू टाकले, त्यानं मारले. चांगले मारले! एक तर पार झाडापलीकडं गेला. चांगला खेळ कसा असतो मला कळत नाही, पण घाम कळतो. नंतर गाडीपाशी साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बोलले. समर्थ मान हलवत होता. खांद्यावर हात म्हणजे सौदा झाला असंच मी धरलं.

घरी आल्यावर विचारलं. पाय धूत होता. म्हणाला, "बगू म्हणले."

१७ ऑगस्ट, रविवार

बनुबाई बोलत नाही. फक्रुद्दीनला "चोरबाजारी" म्हणाली, मला काही म्हणाली नाही, ते जास्त लागलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

समर्थ रोज मैदानावर जातो. आधीपेक्षा जास्त वेळ थांबतो. हे चांगलं की वाईट? विचारलं की म्हणतो, क्लबांची खेळाडू घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

माझा जीव टांगणीला. फोन वाजला की आता उठतही नाही, नुसतं ऐकतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

गावात वाजतगाजत बैल. आमच्या दारात आता बैल नाही, बनुबाईनं मातीची जोडी पूजली. समर्थनं पुरणपोळी खाल्ली, दोन घास. आसारामनं रस्त्यातच गाठलं. "नाना, गोवा का मुंबई?" म्हणजे फक्रुद्दीनचं सोंग गावभर झालंय! मी म्हणालो, बघू. समर्थसारखंच.

२८ ऑगस्ट, गुरुवार

संपलं.

अश्विनीचा फोन आला, रडत होती. गोव्याच्या क्लबनं डाव्या बाजूला मिझोरामचा पोरगा घेतला, फोटो टाकलाय. एकवीस वर्षांचा. समर्थ ओट्यावर बसला होता, त्यानं फोन माझ्या हातातून घेतला, तिनं पाठवलेला फोटो पाहिला, परत दिला. मी म्हणालो, अरे पण खांद्यावर हात ठेवला होता त्यांनी.

तो शांतपणे म्हणाला, "आबा, त्यांचं ठरलं हुतं. पर घरी मुंबईचा मानूस भेटला, म्हणून मागं सरले. दुसऱ्याचं बोलनं चालू असलं की ते मधी येत न्हाईत."

मला माहीत होतं ते. माझ्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं त्यांनी! मी ऐकलं आणि मनात हसलो. एक माणूस आयुष्यात खरं बोलणारा घेणारा भेटला आणि मी त्याच्यापुढं दलाल उभा केला.

पोरगा चिडला नाही. म्हणाला, "जाऊ द्या. तुमी माझ्यासाठीच केलं." चिडला असता तर बरं झालं असतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

जेवण जात नाही. बनुबाईनं आज तोंड उघडलं. "बैल न्हाई त्यो, म्हनलं हुतं मी." एवढंच, आणि ताट झाकून ठेवलं.

हनुमंतलाही कळलं. समर्थनंच सांगितलं त्याला. फोनवर बापाचा आवाज पहिल्यांदाच पोराच्या बाजूचा झाला. मला म्हणाला, "पोरगं निवडलं गेलं हुतं, दादा. तुमी घालवलंत." मी फोन कानाला धरून उभा.

३१ ऑगस्ट, रविवार

मुदत संपली. कुणीच बोलावलं नाही. टपरीवरून जाताना माझ्या मागं बोलणं ऐकू आलं. मुद्दाम ऐकू येईल असंच. "पोरगं लई चांगलं हुतं, गोव्याचा मानूस घरी आल्ता न्यायला. ह्या म्हाताऱ्यानं बाजार मांडला." आसाराम होता. आज त्यानं विम्याची थट्टा केली नाही.

हे गाव पुढं पन्नास वर्षं हेच सांगणार. मी मेल्यावरही.

१ सप्टेंबर, सोमवार

समर्थ राहुरीला गेला. उद्यापासून बापाच्या हाताखाली शेतावर. एसटीपर्यंत सोडायला गेलो. थांब्यावर दोघं-तिघं भेटले, सगळे त्याला हळहळून बोलले, नशीब म्हणाले, तुझी चूक नाही म्हणाले. त्यानं मान खाली घातली. मग माझ्या पाया पडला आणि बराच वेळ उठला नाही. लोक बघायला लागले. मीच त्याला दंडाला धरून उठवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्यानं, तेवढ्यात गाडी लागली.

फक्रुद्दीनकडे गेलो नाही. तोही आला नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी उठून सवयीनं ओट्यावर बसलो. मैदानावरून कुणी येत नाही. गोळ्या घ्यायच्या राहिल्या. घेऊन तरी काय.

६ सप्टेंबर, शनिवार

फक्रुद्दीन आला. माझी अवस्था ऐकून त्यानं कार्डावरच्या नंबरावर गोव्याच्या साहेबांना फोन लावला, सगळं कबूल करून माफी मागितली. साहेब हसले म्हणे. "चाचा, तुमची मुंबई मला तिथंच कळली होती. त्यानं काही बिघडलं नाही. पोरगा मेहनती आहे, पण गुडघा गेलाय, वळताना मागं पडतो. आम्हाला चालणार नाही हे मी त्याला गाडीपाशीच सांगितलं होतं. पुढं कुणालाही चालणार नाही, हेही सांगितलं."

फक्रुद्दीन म्हणाला, "चल गैनू, आत्ताच्या आत्ता आसारामच्या टपरीवर जाऊ. तुझं नाव साफ करतो."

मी त्याला हाताला धरून खाली बसवलं. कुणाला सांगायचं नाही म्हणालो. हनुमंतला नाही, बनुबाईला नाही, मुबारकबीलाही नाही.

पोरगा निवडला गेला होता. मी घालवला.